करंजाच्या तेलावरचं इंजिन

कुरुंदा, ता. वसमत
२७ एप्रिल २०२५

करुणास लालसिंग मिस्त्रीचा जय भीम. आमी खुशाल. तुझी जमनाकाकू गुडघ्यानं बेजार आहे, बाकी ठीक. गावात हळदीचं पॉलिश जोरात सुरू आहे. तू फोन उचलत न्हाईस, म्हणून कॉलेजच्या पत्त्यावर लिहून राहिलो.

विश्वंभर पाटलांच्या खळ्यावर बंद पडलेलं ते इंजिन मी उघडलं. तुझ्या करंजाच्या तेलानं आत काही बिघडलं न्हाई. पिस्टन, रिंगा, नोझल, सगळं बराबर.

मग पुन्हा चालवलं. पॉलिशच्या ढोलात दर वेळी तेवढीच हळद टाकली. निव्वळ डिझेलच्या एका लिटरवर बासष्ट मिनिटं चाललं, तुझं वीस टक्के तेल मिसळलं तर साठ. तीनदा मोजलं. दोन मिनिटं कमी पडतात, ते झाकू नकोस. पण धूर बराच कमी. हे तुझ्या प्रयोगाच्या वहीत लिही.

आता आकड्यांच्या आड लपत न्हाई.

त्या दिवशी गावासमोर इंजिन घरघरून बंद पडलं, तवा लोक हसले. पाटील म्हणाले, "पोरीच्या तेलानं इंजिन खाल्लं." तू माझ्याकडं पाहिलंस. आदल्या दिवशी तेल टाकून पाहिलं, तवाच तू बजावलं होतंस, "काका, हे तेल टाकीतला जुना गाळ सोडवतं. उद्याच्या आधी फिल्टर बदलाच." सकाळी विचारलंस तर मी म्हणालो, "व्हय, बदलला."

न्हाई बदलला, पोरी. चाळीस वर्षं इंजिनं उघडली, हिनं मला काय शिकवावं, असं वाटलं. फिल्टर गाळानं गच्च भरला होता. मला तिथंच कळलं, तरी गप्प बसलो. तू तेलाचे डबे तिथंच टाकून एकटी एसटीला गेलीस.

परवा खळ्यावर माणसं होती. तो काळा फिल्टर पाटलांच्या हातात दिला अन् सगळं सांगितलं. पाटील बोलले, "मिस्त्री, आता तुमच्याकडं इंजिन कोण आणंल?"

म्हणालो, "न आणो. तेलाला नावं ठेवू नका."

दोघांनी इंजिन आणणं बंद बी केलं. चालंल. तू टाकून गेलेलं तेल माझ्या इंजिनात मिसळून चालवून राहिलो, रोजची नोंद ठेवतो. ते संपेस्तोवर थांबणार न्हाई. तू ये, नको येऊ, खरे आकडे पाठवीन.

माफी पत्रात मागत न्हाई. तू आलीस की त्याच खळ्यावर, सगळ्यांसमोर मागीन.

तुझ्याशी खोटं बोललेला,
लालसिंग मिस्त्री