सत्तावीस की एक्याण्णव

२ जून
सकाळी बियाणं कंपनीचा सर्व्हर बंद. मेमरीची एक पट्टी गेली. दोन महिने लॉगमध्ये रोज ओळ येत होती, 'चूक सापडली, दुरुस्त केली'. आपोआप दुरुस्त होतंय ना, मग कशाला हात लावा, म्हणून मीच गप्प बसलो. आता भोगा. तशीच चूक सुधारणारी पट्टी पुण्याहून यायला आठवडा. साहेब डोक्यावर उभे, बियाण्याच्या गाड्या खोळंबलेल्या. शेवटी रिसेप्शनच्या पीसींतली साधी मेमरी काढून घातली. चाललं. साहेब खूश.

५ जून
लॉग कोरा. बरं वाटायला हवं, पण चुळबुळ होतेय. साधी मेमरी चुकत नाही असं नाही, ती सांगत नाही एवढंच.

१० जून
नवी पट्टी बसवली. चहा घेत होतो, तर उगवण-चाचणीच्या लॅबमधल्या सुनंदाताई आल्या. सोयाबीनच्या एका लॉटची उगवण स्क्रीनवर ९१. त्या म्हणतात, शंभरातले सत्तावीसच दाणे उगवले होते.
"भाऊ, मला बराबर ध्यानात हाय. म्या सत्तावीसच टाकलं व्हतं."
रजिस्टर काढा म्हणालो. कोणतं रजिस्टर, म्हणाल्या. कागदाचं रजिस्टर उन्हाळ्यात मीच बंद करायला लावलं होतं. ऐटीत म्हणालो होतो, ताई, कॉम्प्युटर विसरत नसतो.
९१ वजा २७, ६४. मेमरीतला एक बिट पलटला, शून्याचा एक झाला, तर नेमका एवढा फरक पडू शकतो. 

११ जून
साहेबांना सांगितलं. त्यांचं म्हणणं, बाईंनीच आकडा चुकीचा टाकला असेल. तो लॉट गोदामातच होता, अडवला. पण साध्या मेमरीवर त्या आठवड्यात आणखी अकरा लॉट नोंदले गेले, आणि त्यांच्या गाड्या गेल्यासुद्धा. दुकानदारांना कळवू या, म्हणालो. "पहिले सिद्ध कर. उगाच बोंब नको."
राखून ठेवलेले नमुने आहेत. सुनंदाताईंनी प्रत्येकाचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. सात दिवस लागणार. इकडे रानात ओल झालीय, कोण थांबतंय.

१३ जून
जेवण जात नाही. बहिणीकडे केदारखेड्याला फोन केला. दाजींनी आमच्याच सहा पिशव्या नेल्यात. लॉट नंबर वाचून घेतला. अकरातलाच. पेरू नका म्हणालो.
"समद्यांची पेरणी चालू हाय अन् मी ट्रॅक्टर उभा करून बसू? कशापायी?"
थोडे दिवस थांबा, एवढंच म्हणालो. शेवटी म्हणाले, तू म्हणतो म्हणून थांबतो.
फोन ठेवल्यावर हलकं वाटलं. तासाभराने लाज वाटली. शेजारच्या रानात हाच लॉट पडत असेल तर?

१५ जून
गोणपाटं सोडून पाहिली. सुनंदाताई चिडल्या, रोज उघडून बघितलं म्हणून जल्दी उगवत न्हाई. दहा लॉटना भरपूर मोड. दाजींच्या लॉटला तुरळक. स्क्रीनवर त्याची उगवण ८८. अजून तीन दिवस आहेत, काही दाणे उशिरा फुटतातही. असं मनाला सांगतोय.
ताईंनी नवं रजिस्टर आणलंय. कॉम्प्युटरचं तुमचं तुम्ही बघा, म्हणाल्या.

१६ जून
दाजींच्या लॉटला मोड तेवढेच. साहेब म्हणतात, सात दिवस म्हणजे सात दिवस. गेलेल्या गाड्यांचे गेटपास पाहिले. त्या लॉटच्या बाकी पिशव्या वडीगोद्रीच्या दुकानात. माझ्या दाजींना मी दोन दिवसांत सांगून मोकळा झालो, आणि तिथल्या गिऱ्हाइकांनी सात दिवस...
दुपारी दुकानदाराला फोन लावला. साहेबांना विचारलं नाही. दोनदा कट झाला, मग लागला. मागून कुणीतरी चार पिशव्या मागत होतं. लॉट नंबर सांगितला, विकू नका म्हणालो, विकल्यात त्यांना थांबवा.
"हे कंपनी सांगून राह्यली, का तुम्ही?"
मी, म्हणालो.
बघतो म्हणाले आणि ठेवला. त्या चार पिशव्या दिल्या की नाही, माहीत नाही.