बदलाचं कारण

बडा गणपती, इंदूर

चि. स्वानंदीस, शरदकाकाचे ओंजळभर आशीर्वाद. पुण्यात वेळेवर जेवतेस ना, हे विचारायला काकूने सकाळीच बजावलंय, म्हणून पहिलं ते. आम्ही दोघं ठीक.

पत्र आभाराचं आहे. (हो, आभाराचंच. पुन्हा वाच.) मार्चमध्ये तुझ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आमच्या लॅबमध्ये बसवायला आलीस तेव्हा मी आठवडाभर तुझ्याशी धड बोललो नव्हतो. अठ्ठावीस वर्षं मी दुधापाण्यातले जिवाणू मोजून रजिस्टरात लिहितोय. आकडा चुकला की रेघ मारायची, वर नवा लिहायचा, सही ठोकायची. कुणाची विचारायची टाप नव्हती. तुझ्या सॉफ्टवेअरात एक आकडा बदलला की चौकट हजर: बदलाचं कारण लिहा. मी लिहिलं, 'चूक'. म्हणे, अपुरं. तू फोनवर म्हणालीस, जे घडलं तेच लिहा. म्हटलं, घे मग! 'खिडकीखालून वरात गेली, बँडच्या ठेक्यावर मोजलं, सात जिवाणू जास्त झाले.' 'मेव्हण्याचा फोन आला, डोकं फिरलं.' असं सगळं लिहीत गेलो. (मेव्हण्याची नोंद तीन वेळा आहे.)

जूनपासून मात्र एक कारण वारंवार यायला लागलं: 'पिपेट धरताना हात थरथरला, थेंब सांडला.' हे मी कुणाला सांगितलं नाही. थरथरत्या हाताला थेंब मोजायची ती नळी कोण देणार? बेंच गेलं की मी कोपऱ्यात बसून लेबलं चिकटवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचो आणि थंडी वाजते म्हणायचो. (जूनमध्ये! इंदुरात!) पण त्या चौकटीत खरं लिहायची सवयच लागून गेली होती.

ऑगस्टमध्ये आमच्या प्रमुख अमिता मॅडमनी सगळ्या कारणांची यादी काढली. सॉफ्टवेअरने सारखी कारणं एकाखाली एक लावून दिली: हात थरथरला, अकरा वेळा. मॅडमनी बोलावलं तेव्हा मी मनातल्या मनात डबा-चष्मा आवरला होता. त्या म्हणाल्या, "शरदजी, बेंच कुठे भागून नाही चाललं. पहले डॉक्टर!" तुकोगंजातल्या डॉक्टरांनी थायरॉइड जास्त आहे, थरथर त्यानेच, असं सांगितलं, गोळ्या दिल्या. काल चाळीस नमुने केले, एक थेंब सांडला नाही. पोरी, तुझे उपकार आहेत. तोंडावर बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

तुझा,
शरदकाका

ता. क. एक छोटं काम. त्याच यादीत 'कचोरीचं तेल, की-बोर्डवर बोट घसरलं' हे नऊ वेळा आहे. गेल्या दिवाळीपासून मी तळलेलं सोडलंय, अशी काकूची समजूत आहे. मॅडमनी डॉक्टरांना दाखवायला दिलेली ती यादी माझ्या फाइलीत आहे आणि फाइल काकू मागते आहे. ही यादी कंपनीचं गुपित असतं, असं तिला फोन करून सांग.

ता. क. दुसरा. सांगू नकोस. तिने यादी वाचली. कचोरीवर एक शब्द नाही. "अकरा दफा हात थरथरला, और मला एकदा पण नाही सांगितलं?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी दाराशी दोनदा जाऊन परत आलो. तेव्हा फोन मलाच कर, आणि विचार, काका, तुम्ही घाबरला होतात का? मी हो म्हणेन. स्पीकर चालू ठेवतो.