एका कठोर बापासाठी प्रार्थना

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून जुना मी संपलो. प्रवचन आत्मिक वाढीवर होतं. पाळकसाहेब म्हणाले, माणूस बदलला की आधी घरच्यांना कळतं. घरी येऊन बायकोला विचारलं, काही कळतंय का? ती म्हणाली, अजून तासच झालाय.
संकल्प : पहाटे पाचला उठून बायबल आणि प्रार्थना. राग कायमचा बंद.
शिवाय चर्चच्या पेटीत येणाऱ्या निनावी चिठ्ठ्या उपासनेत मोठ्याने वाचून प्रार्थना करायचं काम माझ्याकडे आलं. आधीच्या वाचकांना मोतीबिंदू झाला. माझ्यासारख्या चष्मेवाल्याला सोडून देणार कोणाला?

५ ऑगस्ट, सकाळी ७.४०
पाचचा अलार्म वाजलाच नाही. वाजला आणि मीच बंद केला, असं बायकोचं म्हणणं. रागावलो नाही. फक्त अर्धा तास समजावून सांगितलं.

१० ऑगस्ट, शनिवार
चिरंजीवांनी पाव पाठवला. आपलं चालतं चष्म्याचं दुकान सोडून बेकरी काढली आहे त्यांनी. बायकोने फोन लावून माझ्यापुढे धरला. मी हात पुसत होतो. हात कोरडे होते, पण पुसत होतो. माझ्या मनात काही नाही. मी त्याला केव्हाच क्षमा केली आहे. फक्त बोलत नाही.
पाव खाल्ला नाही. उपास चालू आहे, पावापुरता.

११ ऑगस्ट, रविवार
सहा चिठ्ठ्या. पाच साध्या : गुडघे, नोकरी, परीक्षा वगैरे. सहावीने डोळ्यांत पाणी आणलं. 'आमच्या घरातले वडील आठ महिने मुलाशी बोललेले नाहीत. देवाने त्यांचं मन मऊ करावं.' काय एकेक बाप असतात! सात मिनिटं प्रार्थना केली. या दगडाला फोड, प्रभू, असं म्हणालो तेव्हा मागच्या बाकावरून एका बाईंचं खणखणीत आमेन आलं. अक्षर ओळखीचं वाटलं. एखादं गिऱ्हाईक असणार.

१८ ऑगस्ट, रविवार
पुन्हा तोच बाप. मुलाने पाठवलेलं खातही नाही म्हणे! माझा तोल सुटला (राग नव्हे, पवित्र तळमळ). जाहीर केलं की लिहिणाऱ्याने पुढच्या वेळी पत्ता द्यावा, चोवीस तासांच्या आत मी त्या गृहस्थाच्या दारात उभा राहीन. पाळकसाहेब कानाशी येऊन म्हणाले, कशाला, राहू द्या. म्हटलं, अशानेच असले लोक सोकावतात. सगळी मंडळी माझ्याकडे टक लावून बघत होती. छाप पडली.

२० ऑगस्ट
त्या गृहस्थाला सुनवायचे मुद्दे काढले. बायकोला वाचून दाखवले. तिसरा मुद्दा, आधी बापाने फोन करावा कारण तो मोठा, तिने दोनदा वाचायला लावला. मग कागद फ्रिजवर लावून टाकला. तिचीही आत्मिक वाढ होते आहे.
पाचला उठणं सध्या स्थगित.

२५ ऑगस्ट, रविवार
पत्ता आला. छाती पुढे काढून वाचला. खाली चष्म्याचं दुकान, वर दुसरा मजला, डावीकडचं दार. डावीकडचं दार वाचेपर्यंत आवाज चांगला लागला होता.
हे अक्षर मी रोज किराण्याच्या यादीत बघतो.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मागच्या बाकावरून बायको आमेन म्हणाली.

२६ ऑगस्ट, सकाळी १०
चोवीस तास संपायला अर्धा तास. दिलेल्या पत्त्यावर होतोच. गृहस्थ आरशात भेटले. दाढी केलेली नव्हती. पहिले दोन मुद्दे त्यांना पटले नाहीत. तिसऱ्या मुद्द्याला मुलाला फोन लावला.
त्याने घाबरून विचारलं, आई बरी आहे ना? माझा फोन आला म्हणजे त्याला एवढंच सुचलं. फार वाईट वाटलं. म्हटलं, आई ठीक आहे. मग पावसाची चौकशी केली. शेवटी त्यानेच विचारलं, दर शनिवारी पाव पाठवतो, तो कसा लागतो?
म्हटलं, छान.
प्रभू, ही एक थाप पोटात घाल.
फोन ठेवला तर बायकोने पाव कापून पुढे ठेवला. खाल्ला. खरंच छान आहे. म्हणजे ती थाप नव्हती, बोलायची जरा घाई झाली एवढंच. शनिवारचा असल्याने पाव थोडा वाळला होता. पण त्यात मुलाचा दोष नाही.