आईने दार उघडावं की नाही

रविवार, संध्याकाळ

बागबाजारला लीलाकाकूंकडे आज आमच्या मराठी वाचक गटात माझी व्हॅम्पायरची कादंबरी चर्चेला होती. टोपणनावाने छापलेली, त्यामुळे लेखिका मीच हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

बँकेतले देशपांडे आल्या आल्या कडाडले, "किळसवाणं! वीस पानांत मिटून ठेवलं."

"मला आवडलं," लीलाकाकू म्हणाल्या. "व्हॅम्पायर झालेला मुलगा परत येतो आणि आई दार उघडते. मीही उघडलं असतं."

ते दार! तीनदा खोडून लिहिलं होतं मी.

"काहीतरीच!" देशपांडे उसळले. "धाकटी लेक आत झोपलेली असताना?"

काकू हसल्या. "अहो, धाकटीचं ते शेवटच्या प्रकरणात आहे. वीस पानांत कुठे भेटलं तुम्हाला?"

"वाचलं सगळं! दोनदा! तरी त्या आईला माफ करणार नाही."

मला राहवेना. "मी लिहिलंय ते," मी बोलून गेले.

देशपांडे खुर्ची ओढून समोर बसले. "मग सांगा वहिनी, का उघडलं तिने?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात काकू मध्ये पडल्या, "तिला काय विचारता? मी सांगते." आणि दोघं पुन्हा भांडायला लागले, मला पार विसरून. पुस्तक छापून हातात आलं तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.