वरात आली, मशिनी थांबवा

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की सोनईत तुमचा टायपिंगचा क्लास कुठे होता हे आता नव्या माणसाला सांगताच येत नाही. खाली कापडाचं दुकान होतं, तिथे मोबाईल विकतात. वर तुमची खोली, ओळीने मांडलेल्या खडखडणाऱ्या मशिनी आणि रस्त्याकडची ती मोठी खिडकी. परीक्षा तोंडावर असताना लग्न ठरलं म्हणून क्लास सोडून गेलेली मी एक मुलगी. एवढ्यावरून तुम्ही ओळखणार नाही, कारण लग्न ठरून गेलेल्या मुलींची तुमच्याकडे फौजच होती. "आधी परीक्षा दे, मग खुशाल जा," असं प्रत्येकीला रागावून सांगायचात आणि प्रत्येकीच्या लग्नाला जेवायला हजर असायचात.

आज लिहायला बसले कारण काल निकाल लागला. कसला, ते सांगते. आमचे हे सरकारी ऑफिसात क्लार्क होते. तीन वर्षांपूर्वी सकाळी चहा घेता घेता गेले. त्यांच्या जागी मला अनुकंपावर घेतलं. अट एकच, ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. घरात सासूबाई, बारावीतली मुलगी आणि माझा एकटीचा पगार. आणि मी दोनदा नापास झालेली. तिसरी वेळ शेवटची होती.

बोटांचा प्रश्न नव्हता, सर. तुम्ही कळांवर पंचा टाकून घोटून घेतलं होतं, बोटं काही विसरली नव्हती. डोकं जागेवर नव्हतं. हे गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, मन कशाततरी गुंतव. भावाने त्यासाठी नवा फोन आणून दिला. मी मन गुंतवलं, आणि ते असं गुंतलं की सुटेचना. माहेरचा ग्रुप, सासरचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, रोज सकाळी तीच फुलं इकडून येणार आणि मी ती तिकडे पाठवणार. सराव सुरू केला की दोन ओळींत हात फोनकडे जायचा. एका रविवारी मन एकाग्र कसं करावं याचे व्हिडिओ बघायला बसले. संध्याकाळपर्यंत मी भरल्या वांग्यापाशी पोचले होते. मुलीने फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. फोनला हात लावला नाही तर त्यात एक झाड वाढतं, लावला तर वाळून जातं. आठवड्याभरात माझ्या फोनमध्ये असा दुष्काळ पडला की मुलगी म्हणाली, आई, निदान एक तरी जगव गं.

मग मी फोन गव्हाच्या कोठीत पुरला. खोल, कोपरापर्यंत हात घालून. आणि निर्धाराने सरावाला बसले. थोड्या वेळाने सासूबाई स्वयंपाकघरातून काठी टेकत आल्या, चेहरा पांढराफटक.

"अगं, कोठीत कोनतरी गातंय."

"काही नाही, फोन आहे माझा."

"गव्हात कशाला ठिवलास?"

"लक्ष लागावं म्हणून."

"लागलं का मग?" एवढंच विचारलं आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. चपातीत रिंगटोन ऐकू येते का, असं शेजारीण अजून विचारते.

तेव्हा तुमची फार आठवण यायची, सर. तुमच्याकडे सगळंच उलटं होतं. दुसऱ्या क्लासांत वाजंत्री आली की सर खिडकी लावून घ्यायचे. तुम्ही पट्टी टेबलावर आपटून ओरडायचात, "वरात आली, मशिनी थांबवा!" मग सगळ्यांनी खिडकीशी यायचं. पहिल्यांदा मी जागची हलले नाही, हुशारी दाखवायला टाइप करत राहिले, तर तुम्ही माझ्याच अंगावर आलात. "अर्धं ध्यान वरातीत, अर्धं मशिनीत, आन चुका दोन्हीकडं! ऊठ. बघायचं तर पोटभर बघ." आणि बघून झालं की तुमची उलटतपासणी. सनईवाल्याच्या कमरेला काय हुतं? करवली कोन्त्या हातानं डोळे पुसत हुती? नाही सांगता आलं की म्हणायचात, "मंग तू बघितलंच न्हाईस. नुसती हुभी हुतीस." त्यानंतर वरातीबद्दल अवाक्षर काढायचं नाही, काढणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा. पुढाऱ्यांच्या जीपगाड्या तुमच्या लेखी बघण्याच्या लायकीच्या नव्हत्या, पण भर बाजारात दोन वळू भिडले तेव्हा अख्खी दुपार क्लास बंद होता. एका मुलाचे वडील फी परत मागायला आले आणि तेही खिडकीशीच उभे राहिले.

परीक्षा नगरला होती, एका कॉलेजात पहिल्या मजल्यावर. आता मशिनी नाहीत, कॉम्प्युटर असतात, आणि कोपऱ्यात वेळ उलटी पळत असते. उतारा सुरू झाला आणि खालच्या रस्त्यावर डीजे आला. तावदानं थरथरायला लागली. सगळ्यांच्या माना पडद्यावर आणि कान बाहेर. माझ्या बोटांनी लागोपाठ चुका केल्या. आणि सर, मी उठले. सरळ चालत खिडकीशी गेले. सुपरवायझर धावत आले. "मॅडम, बसा! वेळ चालू आहे! बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बसते हो, जरा बघू द्या.

खाली घोडा डीजेकडे पाठ करून ठाम उभा होता. दोन माणसं त्याला मागून ढकलत होती, एक जण पुढून हरभरा दाखवत होता. नवरदेवाचा फेटा डोळ्यांवर आला होता आणि तो बिचारा दोन्ही हातांनी घोड्याची मान धरून हसायचा प्रयत्न करत होता. मी पोटभर बघितलं. मग येऊन बसले आणि टाइप करत सुटले. डीजे तिथेच होता म्हणे, घोडा हललाच नव्हता. मला काही ऐकू आलं नाही. उतारा संपला तेव्हा सुपरवायझर माझ्या मागे उभे होते आणि मान हलवत होते.

काठावर पास झाले, पण झाले. नोकरी राहिली. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले, शेजारणीला सगळ्यात आधी. ऑफिसात सगळ्यांना मी तुमच्याबद्दल सांगितलं, सरांनी शिकवलं म्हणून तरले, असं. साहेब म्हणाले, असे शिक्षक आता राहिले नाहीत.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुमच्याशी खोटं बोलत नाही. मी खुर्चीतून उठले तेव्हा तुम्ही मला आठवला नव्हतात. तुम्ही आठवलात परत येऊन बसल्यावर. उठले ते मला नवरदेव बघायचा होता म्हणून. आमच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा मला आतल्या खोलीत बसवलं होतं. सगळं गाव बाहेर बघत होतं. ह्यांना घोड्यावर बसलेलं मी कधी बघितलंच नाही.