गाडी डावीकडं झुकते, त्याचं कारण मी

उत्तमसिंग दादांना धाकट्या बहिणीचा जय सेवालाल. भाभीचा गुडघा आता कसा आहे? बाळापूरच्या बाजाराला जाते का अजून? इकडं आमी सगळे ठीक, गाडी सोडून. (फोनच केला असता, पण तुमच्या दाजींना माझा फोन स्पीकरवर टाकायची खोड आहे, म्हणून हे पत्र.)

तर दादा, आमची जुनी घेतलेली पिकअप हळद काढणीपासून डावीकडं झुकून राहिली. दाजींनी आधी टायरात हवा भरली. मग डावं चाक उजवीकडं अन् उजवं डावीकडं घातलं. मग म्हणाले अंगणच तिरपं आहे, म्हणून गाडी उलट्या तोंडानं लावली. तरी ती आपली डावीकडंच. शेवटी पारावर भावसिंग काकांनी (ज्यांनी जन्मात सायकलसुद्धा घेतली न्हाई) विचारलं, "डावीकडं बसतं कोण?" बसते मी. झालं! दाजींनी मला गाडीत चढवून-उतरवून चाकावरची जागा वितीनं मोजली. "बघ, तू उतरली की बोटभर वर येते." कोणीही उतरलं तरी येईल, पण बोलायचं कुणाला?

हिंगोलीला हळद नेताना मग मला मागं, पोत्यांवर उजव्या कडेला बसवलं अन् पुढं सासूबाईंना, कारण त्या काडीसारख्या. गाडी तशीच तिरपी. तर म्हणे, "आईच्या पिशवीत काही जड असंल." पिशवीत पानाचा डबा अन् चष्मा निघाला. पुढच्या वळणावर पोती सरकली, माझा पाय खाली सापडला. सासूबाई ओरडल्या, "अरे, सून दबली!" तेव्हा कुठं गाडी थांबली. यांनी आधी पोती पाहिली, मग मला. पाय मोडला न्हाई, पण दादा, त्या दिवशी मी खरंच भ्याले.

परवा कोंबडी गाडीखाली शिरली. तिला काढायला मी आडवी झाले, तर डाव्या मागच्या चाकावरचा, गाडीचं वजन पेलणारा लोखंडी पाटा मधूनच तुटलेला! तुटल्या जागी गंज, म्हणजे कधीचाच. यांना सांगितलं. न वाकताच म्हणाले, "तुला काय कळतं? तो तसाच असतो." मग उजवीकडचा काहून अख्खा आहे, असं विचारलं, तर जेवायला वाढ म्हणाले.

भाभीला नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमची,
रूपा

ता.क. रविवारी सहज आल्यासारखं या. गाडीखाली डोकवा अन् "दाजी, पाटा तुटला की हो" असं तुमीच शोधल्यासारखं म्हणा. बायकोचं न्हाई, पण मेव्हण्याचं ते ऐकतात.

ता.क. दुसरा. पाकीट चिकटवायच्या आधीच सगळं बदललं. आज सकाळी पाटा यांनी "शोधला"! साऱ्या तांड्याला वाकवून दाखवून राहिले, मलाही दाखवला. दुपारी औंढ्यात नवा पाटा बसला, गाडी सरळ झाली. मी पुढं बसायला गेले तर म्हणतात, "तू मागंच बस, आत्ताच कुठं सरळ झाली." म्हणून दादा, पाटा शोधायला येऊ नका, पण या नक्की. मला गाडी चालवायला शिकवा. ड्रायव्हरची जागा उजवीकडं असते.