बावन्न मिनिटं

७ जुलै
पोहोचले एकदाची! शाळेत मुलांना खेळ शिकवते, पण स्वतःसाठी पळून किती दिवस झाले. आठ दिवस रजा टाकलीय; पाऊस असो नाहीतर काही, रोज डोंगरात पळायचं. लॉज म्हणजे चार खोल्या. मालकीणबाईंना सगळे ताई म्हणतात. शेजारच्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी याच वाटेवर पळताना घसरला, दोन्ही पाय कायमचे अधू झाले. चाकाच्या खुर्चीत, खिडकीशी बसून असतो. फाटकापासून माथा आणि परत, त्याचा विक्रम बावन्न मिनिटं. माझी वेळ तोच मोजणार म्हणे. वाट चुकू नये म्हणून ताईंनी झाडांना लाल फिती बांधल्यात.

८ जुलै
अठ्ठावन्न. गुडघ्यापर्यंत चिखल, पण काय मजा आली! उतारावर पाऊल कसं टाकायचं ते भावाने खुर्चीतूनच दाखवलं. हसरा माणूस आहे.

९ जुलै
एक्कावन्न! फाटकात चक्क नाचले. त्याने घड्याळ दोनदा पाहिलं, अभिनंदन केलं आणि खिडकी लावून घेतली. स्वयंपाकघरात ताई हळूच म्हणाल्या, "एक मिनिट उशिरा आला असतात तर काय बिघडलं असतं, बाई? आजच निघा." पण दरड पडलीय, गाड्या बंद.

१० जुलै
भाऊ कालपासून जेवलेला नाही. वाईट वाटलं. उद्या मुद्दाम हळू पळेन.

११ जुलै
दाट धुकं होतं. फिती डावीकडे वळल्या, मीही वळले. तिथे वाटच नव्हती. उजवा पाय घोट्यापाशी मोडलाय. ताई खाली दोर घेऊन उभ्या होत्या. मी हाक मारायच्या आधीपासून.

१२ जुलै
फोन भिजून बंद पडला, डॉक्टरांना निरोप धाडलाय, असं ताई सांगतात. फिती कोणी हलवल्या, विचारलं. पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "मला तो एकटाच आहे गं." परवापर्यंत मी 'बाई' होते.

१३ जुलै
निरोप गेलेलाच नाही. ताईंनीच सांगितलं, माझे केस विंचरता विंचरता. दाराला बाहेरून कडी.

१४ जुलै
आज तो पोटभर जेवला. ताई आनंदाने रडल्या. त्याचं म्हणणं, माझे दोन, हिचा एकच, हा कुठला न्याय—

दुपारी
खुर्ची आत आणली. त्याच्या मांडीवर कुऱ्हाड. पातं वर, बोथट बाजू खाली— ताईंनी माझा डावा गुडघा घट्ट धरलाय. ओरडले, कोणी नाही— म्हणतात, "बाळा, लिहीत राहा, खाली बघू नको." लिहितेय. लिहितेय. आई गं, मी लि